सदऱ्यांखालची चिठ्ठी

बाबा, माझी नात सध्या फोनवर स्पॅनिश शिकते. काल ती 'करू नको' कसं म्हणायचं यावर अडली आणि मी भाजी निवडता निवडता सांगून टाकलं, तेव्हा माझ्याकडे बघतच राहिली. आजीला स्पॅनिश येतं, तेही फक्त 'नको'पुरतं, याचं तिला हसू आवरेना. मग तुमच्याबद्दल सांगावं लागलं. तारकर्लीचे, मालबोटीवर स्वयंपाकी, वर्ष-वर्ष घराबाहेर, आणि दक्षिण अमेरिकेच्या बंदरांत ऐकून ऐकून भाषा शिकलेले.

परक्या बंदरात माणसाला आधी 'नको' कळायला हवं, असं तुमचं म्हणणं. सुट्टीत घरातल्या वळईत पाटावर बसून तुम्ही मला शिकवायचात. 'आब्लार' म्हणजे बोलणं, तर बोलू नको 'नो आब्लेस'. 'कोमेर' म्हणजे खाणं, तर खाऊ नको 'नो कोमास'. 'आर'वाल्यांनी शेवटी 'ए' घ्यायचा, 'एर' आणि 'ईर'वाल्यांनी 'आ'. शेजारणींनी एकमेकींच्या वाट्या उचलून न्याव्यात तसं. सरळ वळणाच्या शब्दांना हे लागू, वाकड्यांचं पुढच्या सुट्टीत, म्हणायचात. पण नुसतं 'नो' का पुरत नाही, शेपूट कशाला बदलायचं, हे मी विचारून विचारून तुम्हाला भंडावून सोडलं. त्याचं कारण तुम्हालाही माहीत नव्हतं. माझं चुकलं की मात्र पोट धरून हसायचात, आणि ते मला फार लागायचं.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष झालं होतं, मी सातवीत होते. तुमचा निघायचा दिवस. आईचा दंडक असा, की बोटीवर जाणारा माणूस उंबरठा ओलांडेपर्यंत घरात कुणी 'नको' उच्चारायचं नाही, दर्या ऐकतो. भात पुरे झाला तरी ताटावर नुसता हात आडवा धरायचा. आई कोकमाची सोलां पुडीत बांधते आहे, तुम्ही ट्रंक भरताय, आणि मी हळूच विचारते, की स्पॅनिशमधला 'नको' आज चालतो का.

तुम्ही हसलात. "दर्याक खंयची भास कळणा नाय गो?" म्हणजे तोही चालणार नव्हता.

मला विचारायला कारण होतं. 'पार्तिर' म्हणजे निघणं. त्याचा 'नको' तुम्ही शिकवला नव्हता. नियम लावून मीच केला, 'नो पार्तास', आणि सकाळीच चिठ्ठीवर लिहून ट्रंकेत तुमच्या सदऱ्यांखाली ठेवला होता. या खेपेला तुम्ही जाऊ नये असं मला फार वाटत होतं. तुम्ही पाणी प्यायला उठलात तेवढ्यात मी ती चिठ्ठी काढून घेतली.

मालवणच्या धक्क्यावरून तुमची आगबोट सुटली. काही महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं, तापाने तिकडेच गेलात म्हणून. आईचा दंडक कुणी मोडला नव्हता, तरीही. चिठ्ठी वाचून तुम्ही परतला असतात असंही नाही. घर तुमच्या बोटीवरच चालायचं. वाकडे शब्द मात्र शिकायचे राहिले.

काल नातीला विचारलं. तिने फोनवर बघून सांगितलं, 'नो पार्तास' अगदी बरोबर आहे. हे पत्र आता त्या चिठ्ठीच्याच डब्यात ठेवते. दर्याला कळेल या भीतीने ती काढली, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे शेपूट चुकलं असेल आणि तुम्ही हसाल, म्हणून काढली होती.