उत्तर काठावरची खिडकी

कोबुक नदी, ९ सप्टेंबर

चि. ट्रूमन यास,

अनेक आशीर्वाद. उत्तर काठावरचं तुझं नवं घर पाहून काल कॅरिबू हरणांचा कळप माघारी फिरला, म्हणून हे पत्र. एरवी तुझ्यावर शाई खर्च केली नसती.

कळप नदी ओलांडायला उत्तरेकडून टेकडीवर आला. आम्ही सगळे दक्षिण काठावर बंदुका मांडीवर घेऊन गप्प बसलो होतो. पुढची मादी थांबली. तिच्यासमोर तुझं चकाकणारं छप्पर, ती भलीमोठी खिडकी आणि रिकाम्या घरातही आपोआप धडधडणारा जनरेटर. ती वळली, मागोमाग सगळा कळप गेला. तिकडे कुणी परका राहायला आलाय का, असं नीवामावशीने विचारलं. तुझं नाव सांगितलं, तर तिला थट्टा वाटली.

कळप येण्याच्या दिवसांत बाबा उत्तर काठावर चहापुरताही जाळ करू देत नसत. शहरात खुर्ची मिळाली की हे विसरावं लागतं का? गावाचं हिवाळ्याचं मांस डोंगराआड गेलं. मागून आणखी एक कळप येतोय. त्याआधी घर उतरव.

लोभ आहे, तो गृहीत धरू नये.

लूलाताई

१५ सप्टेंबर

ती. लूलाताईस,

सा. न. वि. वि. पत्र वाचून कान अजून गरम आहेत. ताई, यंदा थंडीच लांबली आहे. कळप सगळीकडेच उशिरा आणि भलत्या वाटांनी चाललेत, असं जाणकार सांगतात. मग खापर माझ्याच छपरावर का? मुलांना खिडकीतून कळप दाखवायचा होता, एवढाच माझा गुन्हा. घराचं पुढच्या उन्हाळ्यात बघू. मावशीसाठी डब्यातलं मांस पाठवतोय.

राग ओसरला की माया कर.

ट्रूमन

२७ सप्टेंबर

चि. ट्रूमन,

आशीर्वाद. कळप उशिरा येतात, हे आम्हाला जाणकारांशिवायही दिसतं. म्हणूनच आलेला घालवायचा नसतो. तुझे डबे मावशीने कुत्र्यांपुढे ओतले. कुत्र्यांनीही आधी विचार केला.

घर आम्ही उतरवलं. छपराचे पत्रे मी स्वतः काढले. पहिलं बर्फ भुरभुरलं त्या सकाळी दुसरा कळप आला आणि नदीत उतरला. पुढच्यांना सुखरूप काठाला लागू दिलं, म्हणजे मागचे वळत नाहीत, मग बंदुका उचलल्या. थंडीमुळे आले म्हणशील. म्हण.

लोभ तुझ्या वागण्यावर.

लूलाताई

ता. क. कुणाला काय दिलं, ते असं: पत्रे, मांस वाळवायच्या मांडवावर. शेगडी, नीवामावशीला. खिडकी, शाळेला, शाळा दक्षिण काठावर आहे, मुलांना घेऊन ये. वैमानिकाच्या हाती तुझ्यासाठी: मागची एक तंगडी, कारण वाटा आपण कुणाचाच तोडत नाही, आणि तुझ्या दाराचं कुलूप, किल्लीसकट.