जे ग्रंथात नाही ते

८ जून

रिपोर्ट आला. घशाचाच कॅन्सर आहे. नागपूरचे डॉक्टर म्हणाले — स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. १ जुलैला ऑपरेशन.

बाबांनी रिपोर्टची घडी करून खिशात ठेवली. पेनगंगेचा पूल ओलांडून तेलंगणात, आमच्या हद्दीत आलो. मग एवढंच — "म्हंजे आषाढी पौर्णिमेच्या आधीच?"

पौर्णिमेपासून वर्षावास सुरू. अश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी सातला विहारात बुद्धाच्या जीवनाचा ग्रंथ वाचायचा. बावीस वर्षं बाबाच वाचतात. शाळेतून रिटायर झाले, इथून नाही. दुसरं वाचणार कोण? पोट्टे तेलुगू नाहीतर इंग्लिश मिडियमचे, मराठी एकेक अक्षर लावत वाचतात. मला येतं. पण मी विहारात जात नाही, हे गावाला माहीत आहे.

९ जून

उपाय सापडला. रेकॉर्डिंग! पूर्ण ग्रंथ बाबांच्या आवाजात भरून घ्यायचा. मग रोज सातला भारतनं तो स्पीकरवर लावायचा. भारत म्हणजे विहाराचा माइकवाला. बाबांचा आवाज राहिला, वाचन राहिलं. आपण वेब डेव्हलपर आहोत बाप्पा, एवढं तर जमलं पाहिजे.

आईनं आठवण करून दिली — डॉक्टरनं घसा राखायला सांगितला आहे. बाबा म्हणाले, "कोनासाठी राखू?"

आई आत निघून गेली.

११ जून

घरात बाबांना वाचताच येईना. माइकसमोर दोन ओळी, की थांबले. "समोर मानूस नाई. भिंतीले काय वाचून दाखवू?"

शेवटी विहारात दुपारी बसलो. चंद्रभागामावशी आणि चार-पाच बायका येऊन बसल्या. मावशी आमच्या मागच्या गल्लीतल्या. सत्तरीच्या पुढं, अक्षरओळख नाही, पण बावीस वर्षांत एक संध्याकाळ चुकवलेली नाही. त्या बसल्या आणि बाबा सुरू झाले! एक परिच्छेद वाचायचा, खोकायचं, मग तेच आपल्या बोलीत सांगायचं, कोणाची तरी गोष्ट मधात आणायची, मग "ध्यानात आलं काय, चंद्रभागाबाई?" — मग पुढचा परिच्छेद. असं तर वर्ष लागेल.

जेवताना विचारलं त्यांनी, "याच्यातलं काय काय ठेवशीन, प्रितम?"

म्हटलं, जे ग्रंथात आहे ते ठेवीन. जे ग्रंथात नाही ते कापीन. एकदम क्लीन.

"बरं," म्हणाले.

१४ जून

एका देवस्थानाची वेबसाइट करून राह्यलो. घरबसल्या पूजा. बटण दाबलं की घंटा वाजली पाहिजे, असा मॅनेजरसाहेबांचा हट्ट. मी विचारलं — बटण दाबलं, घंटा वाजली, आणि तेवढ्यात नेट गेलं, तर पूजा लागू की नाही? "आप वो टेन्शन मत लो." नाही घेत.

माझं मत विचारलं तर (कोणी विचारत नाही) जगात सगळ्यात जास्त लोकांनी न वाचता मान्य केलेला ग्रंथ म्हणजे ॲपच्या अटी आणि शर्ती. खाली टिक करायची, पुढं जायचं. आणि हेच लोक मला म्हणतात, "तू काऊन काहीच मानत नाई?"

मानतो की. बॅकअप मानतो. कोणतीही वस्तू तीन ठिकाणी ठेवायची. बाकी सगळं ऐच्छिक.

१८ जून

आज एक खोटं काम केलं. देवस्थानाचं पान उघडायला वेळ लागतो, म्हणून सरकणारी पट्टी टाकली. ती आपल्या मनानं नव्वद टक्क्यांपर्यंत सरकत जाते. मागं काय चाललंय, याच्याशी तिचा काडीचा संबंध नाही. पण लोक शांत बसतात. सगळेच करतात असं.

आईला दाखवलं. "मंग त्यात काय? दवाखान्यातली नर्स बी तसंच म्हन्ते — झालंच, झालंच."

२२ जून

सकाळी सकाळी गावाच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगचे अकरा फोटो. सातांवर बुद्ध. त्यातल्या एका बुद्धाच्या हाताला सहा बोटं. मशीननं काढलेला असणार. कोणालाच दिसलं नाही. सगळ्यांनी हात जोडलेत.

२७ जून

शेवटचं पान झालं. एकोणीस तास भरले. शेवटी शेवटी आवाज म्हणजे नुसता वारा.

मी कॉलवर होतो, बाहेर पिंपळाखाली. आतून एकदम सगळ्या बायका हसल्याचा आवाज आला. मग सगळं चिडीचूप. घरी येताना विचारलं, काय झालं होतं?

"ग्रंथात नाई थे," बाबा म्हणाले.

२९ जून

साफसफाई झाली. स्क्रिप्ट लिहिली — ग्रंथाचा मजकूर एकीकडे, बाबांचा आवाज एकीकडे. जुळलं ते ठेव, नाही जुळलं ते काप. खोकला गेला, बायकांचे आवाज गेले, बाहेरची बकरी गेली. एकोणीस तासांचे अकरा झाले. मधून मधून दोन-दोन मिनिटं ऐकून पाहिलं. मस्त! आकाशवाणीसारखं. पूर्ण नाही ऐकलं. अकरा तास कोण ऐकणार?

जुन्या फाइली काढून त्याच नावानं नवीन ठेवल्या. कचरापेटीही रिकामी केली. मला घाण आवडत नाही.

४ जुलै

नागपूर. ऑपरेशन नीट झालं. गळ्याला भोक आणि नळी. बाबा पाटीवर लिहितात. मी फोन दिला होता टाइप करायला, ढकलून दिला. आईनं शाळेतली पाटी-पेन्सिल आठवणीनं आणली होती.

बोलायचे गावचं, लिहितात एकदम पुस्तकातलं. "पाणी नको आहे." "पंखा कमी करावा." शाळेत इन्स्पेक्टर आल्यासारखं वाटतं.

१० जुलै

आषाढी पौर्णिमा. आम्ही दवाखान्यातच. सातला भारतनं फोन स्पीकरपाशी धरला. पहिली वंदना, मग बाबांचा आवाज. खणखणीत. आई पांढरं लुगडं नेसून कॉटच्या कडेला बसली होती. तिनं तोंडाला पदर लावला.

बाबांनी डोळे मिटून पाच मिनिटं ऐकलं. मग पाटी घेतली — "माझा खोकला?"

काढला, म्हटलं. पाटी पुसून टाकली.

१५ जुलै

घरी आलो. चंद्रभागामावशी भेटायला आल्या. बाबांजवळ बसल्या, नळीकडे पाह्यलं. निघताना माझ्या टेबलापाशी.

"प्रितम, याच्यात थे मोहरीचं हाय नं? गुरुजी मधात माह्या मारोतीचं बोलले होते. तेवढं ऐकव बरं मले."

मारोती त्यांचा एकुलता एक. नऊ वर्षं झाली, शेतात वीज पडून गेला. मी फाइल लावली. लेकरू गेलेल्या बाईची ती मोहरीची गोष्ट आली, संपली, पुढची सुरू झाली. मारोती कुठंच नाही.

"मावशी, ते ग्रंथात नव्हतं. कापलं गेलं."

मला वाटलं रडतील, नाहीतर शिव्या तरी देतील. "बरं," म्हणाल्या अन् गेल्या.

१६ जुलै

सकाळपासून शोधतोय. नाही.

लॅपटॉप, फोन, क्लाउड — तीन ठिकाणी ठेवलं होतं. पण तिन्ही एकमेकांना जोडलेले. एका ठिकाणी बदललं की तिन्हीकडे आपोआप बदलतं. याला बॅकअप म्हणत नाहीत! हे मी स्वतः लोकांना शिकवतो. गिऱ्हाइकानं असं केलं असतं तर दोन दिवस हसलो असतो.

आठ तास. बाबांचे स्वतःचे आठ तास. जे उरलं ते तर छापील पुस्तकात आहेच. म्हणजे ज्याचं पुस्तक मिळतं ते मी सांभाळलं, आणि ज्याचं मिळत नाही ते फेकलं. घसा फाटेपर्यंत वाचलं त्यांनी. मला फार लाज वाटली. जेवलो नाही.

बाबांना सांगितलं. खोटं बोलायचं नव्हतं. त्यांनी पाटीवर लिहिलं — "बरं."

आठ तास गेले आणि बरं! सगळ्यांना एकच शब्द येतो काय या गावात?

२४ जुलै

देवस्थानाचे मॅनेजर घंटेवर नाराज. मी स्टुडिओतली घंटा लावली होती, एकदम स्वच्छ. "बहुत साफ है। मंदिर जैसा नहीं लगता। थोडा पब्लिक का आवाज डालो पीछे."

टाकला.

६ ऑगस्ट

भारतचा फोन. पहिल्या दिवशी विहारात साठ माणसं होती. काल नऊ. "आवाज गुरुजीचाच हाय रे, पन गुरुजी नाई त्याच्यात. पाच मिनटं झाले का झोप येते. बाया म्हन्तेत, रेडिओ घरीच आयकू." नऊच्या खाली गेलं तर बंद करू म्हणाला.

बावीस वर्षं चाललेलं वाचन माझ्या क्लीन फाइलीनं बंद पडणार.

९ ऑगस्ट

अजून एक अक्कल लढवली. उरलेल्या अकरा तासांवर मशीनला बाबांचा आवाज शिकवला. मधातलं बोलणं मी अंदाजानं लिहिलं आणि त्याच्याकडून बोलवून घेतलं. हुबेहूब आवाज! आईला ऐकवलं तर तिनं हातातलं पाखडायचं सूप खाली ठेवलं आणि अंगणात जाऊन उभी राहिली.

बाबांनी पूर्ण ऐकलं. पाटी — "वाचतो चांगला. याला काही समजत नाही." खाली मार्क पण दिले. दहापैकी चार.

डिलीट केलं. आज पहिल्यांदा काही डिलीट करून बरं वाटलं.

१९ ऑगस्ट

बाबांना पहिल्यांदा विहारात नेलं. आई, मी, ते. सात वाजता वंदना झाली आणि करंट गेला. स्पीकर बंद. भारतची बॅटरी चार्ज नाही. मेणबत्त्या तेवढ्या.

दहा-बारा माणसं बसलेली. कोणी उठेना. भारतनं कपाटातून ग्रंथ काढला आणि सरळ माझ्या मांडीवर ठेवला. मी बाबांकडे पाह्यलं. ते छताकडे बघत होते, जसं काही यांचा संबंधच नाही!

वाचलं. दुसरं काय करणार? भराभर, एक परिच्छेद, दुसरा —

"थांब," चंद्रभागामावशी म्हणाल्या. "इथं गुरुजी थांबते."

थांबलो.

"इथं खोकलते. मंग म्हन्ते, का बाई, राजाच्या पोराले घर सोडाले काय झालं होतं, त्याले काय कमी होतं? आपन घर सोडलं तं कोनी पुस्तकात लिहीन काय? मंग आपन हासतो. आता वाच."

माणसं हसली. मी पुढं वाचलं. पानाच्या शेवटी पुन्हा "थांब". शब्दन् शब्द पाठ. ज्यांना 'क' लिहिता येत नाही त्यांना! बाबा मान हलवत होते — बरोबर, बरोबर.

२० ऑगस्ट

करंट होता. भारत म्हणे स्पीकर बिघडला. काल तर चांगला होता. पुन्हा मीच वाचलं.

२८ ऑगस्ट

काल सत्तावीस माणसं. स्पीकर अजून बिघडलेलाच. मी दुरुस्त करून देतो म्हटलं तर भारत म्हणाला, "राहू दे, तुले नाई जमन थे." मी कॉम्प्युटर उघडून जोडतो लेका!

एक नोंद — मी विहारात जातो, पण मानायला लागलो असं नाही. मी मावशींची मेमरी टेस्ट करायला जातो. मुद्दाम एक परिच्छेद गाळला परवा. पकडला.

११ सप्टेंबर

मोहरीचं पान आलं. मला सकाळपासून माहीत होतं. ज्या घरात कोणी मेलं नाही तिथून मूठभर मोहरी आण, असं त्या बाईला सांगतात, ते वाचलं आणि स्वतःच थांबलो. मावशी पुढं पाहत बोलल्या, आवाज जराही हलू न देता.

"इथं गुरुजी म्हन्ले, आपल्या गावात मारोतीच्या मायनं कोनाले मोहरी मांगली नाई. चौथ्या दिवशी कापूस वेचाले गेली. वेचता वेचता रडे, पन वेचे. तिले कोनी सांगा नाई लागलं. ह्या ग्रंथातली अर्धी गोष्ट तिले पयलेच माहीत होती." मग माझ्याकडे वळून, "वाच आता."

मला दोन मिनिटं वाचता आलं नाही. अक्षरं दिसेनात. सगळे थांबले.

७ ऑक्टोबर

अश्विन पौर्णिमा. शेवटचं पान वाचून ग्रंथ मिटत होतो.

"थांब," मावशी म्हणाल्या. "इथं गुरुजी म्हन्ले — मी मधात मधात जे बोललो थे माहा प्रितम कापून टाकीन. कापू द्या, त्याले रागावजा नोका. तुमी ध्यानात ठेवजा. पुढं थोच वाचीन, तवा ज्या पानावरचं त्याच पानावर त्याले सांगजा. थो कशावर विश्वास ठेवत नाई. नोको ठेवू. तुमच्यावर ठेवीन."

आणि सगळ्या बायका हसल्या. तशाच, २७ जूनसारख्या.

म्हणजे पूर्ण गावाला माहीत होतं, मला सोडून!