एका दिवसात काढलेला मका

लव्हॉनताई,

आर्लिसला जाऊन आज नऊ दिवस झाले. काल चर्चची मंडळी अकरा कापणीयंत्रं घेऊन आली आणि माझा सगळा मका एका दिवसात काढून गेली. "तू नुसता बस, व्हर्न. आजवर तू आमच्यासाठी थोडं केलंस का?" असं म्हणत पाद्रीबाईंनी हातात कॉफी दिली. मी बसलो. हसून सगळ्यांचे आभारही मानले.

ताई, तीन आठवड्यांचं काम होतं ते. तेवढ्यासाठी तरी मी सकाळी उठलो असतो. आता एप्रिलच्या पेरणीपर्यंत घरात मी आणि बायकोचा चष्मा.

हे तुला पाठवणार नाही. तू काळजीनं पाद्रीबाईंना फोन करशील आणि सगळे पुन्हा मदतीला येतील.

दुःखाच्या घरचं पीक सगळ्यांनी मिळून काढायचं, ही पद्धत इथे मीच पाडली. शेजारच्या डेल्बर्टचा मुलगा गेला तेव्हा त्याचं सोयाबीन आम्ही दुपारभरात काढलं होतं. तो कुंपणापाशी रडत उभा होता. मला वाटलं, आमचं प्रेम बघून भरून आलंय.

काल सगळे आले, डेल्बर्ट तेवढा आला नाही. सकाळी मला त्याचा फार राग आला. संध्याकाळी रिकामं शेत बघितलं आणि कळलं, माझी दया फक्त त्यालाच आली होती.

तुझा भाऊ,
व्हर्न