कावळ्याला दिलेलं वचन आणि रविवारची मॅच

कोपर, डोंबिवली (पश्चिम)
मंगळवार

तीर्थस्वरूप मंजुळाआत्या हिस चंदूचा साष्टांग नमस्कार.

पत्राच्या माथ्यावर श्री लिहिलेला नाही, तो विसरून नव्हे. नानांचं तेरावं झालं, तरी हात अजून धजत नाही. तुझे गुडघे कसे आहेत? सूनबाई आणि बाळ सुखरूप असतील. तिचे दिवस भरलेले होते, त्यामुळे तुला दहाव्याला येता आलं नाही, याबद्दल आमच्या कुणाच्या मनात काही नाही. (धाकट्या काकांच्या आहे, पण त्यांच्या मनात नेहमीच काहीतरी असतं.) फोन केला असता, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला बोलता येत नाही. म्हणून हे पत्र रतनच्या हाती देतो. तो शाळेत शिकवायला रोज मुरबाडला येतोच.

आत्या, मी मोठ्या काळजीत आहे. ती समजायला थोडं मागचं सांगावं लागेल. मानपाड्याच्या कारखान्याच्या संघात मी लेफ्ट बॅक खेळायचो, हे तुला ठाऊक आहे. आधी कारखान्याने संघ बंद केला, मग स्वतः कारखाना बंद झाला, आणि त्याच सुमारास माझा गुडघाही. नाना म्हणाले, आता तरी घरी बस. मी बसलो नाही, आमच्या कोपरच्या संघाचा कोच झालो. संघ जिल्ह्याच्या लीगमध्ये शेवटून दुसऱ्या गटात आहे. त्याच्या खालच्या गटात मैदानाला रेषासुद्धा घरच्या चुन्याने आखाव्या लागतात.

आता कोचला ओरडावं लागतं आणि मला ओरडता येत नाही. मी सांगतो ते शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही दोनदा विचारावं लागतं. पण कधी अडलं नाही, कारण कुंपणापाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत नाना असायचे. "सूरज, मागे बघ गाढवा!" "मितेश, गोलात झोपायला आलायस?" आणि दर पाच मिनिटांनी, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं, "काढा रे ह्या कोचला!" पोरं नानांचं ऐकून खेळायची, मी नुसता उभा असायचो. (पाणी द्यायचो. बदली खेळाडूही मीच ठरवायचो, पण नानांकडे बघून.)

नाना गेले आणि सुतकातच एक मॅच आली. मी मैदानाबाहेरच उभा राहिलो. सूरज, म्हणजे आमचा कॅप्टन, जवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, सुतकात तुम्ही बॉलला हात लावलेला चालेल काय?" गोलकीपर मितेश म्हणाला, "अरे फुटबॉल आहे, हात लावायचाच नाय." मॅच सुरू झाली आणि मैदानावर इतकी शांतता, की रेफ्री शिट्टी फुंकायलाही बिचकत होता. आम्ही वाईट हरलो. मागे बघ म्हणून कुणी सांगितलं नाही, म्हणून सूरजने एकदाही मागे बघितलं नाही.

मग दहावा. खाडीवरच्या घाटावर सगळं नीट झालं, पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोर कठड्यावर बसला होता, भुकेलाही दिसत होता, पण शिवेना. काका म्हणाले, "दादा, चंदूची काळजी करू नकोस, आम्ही आहोत." कावळ्याने मान फिरवली. (त्याला काका माहीत असावेत.) नंदा सुनेच्या नात्याने म्हणाली, "नाना, तुमचा रेडिओ भंगारात देणार नाही." तरी काही नाही. ऊन चढलं. गुरुजींना पुढचं एक काम ठाकुर्लीला होतं, ते घड्याळ बघायला लागले. शेवटी सगळे माझ्याकडे बघू लागले. नानांची एकच इच्छा मला ठाऊक होती, ती ते दर मॅचला ओरडून सांगायचे. मी हात जोडून म्हटलं, "नाना, मी कोचगिरी सोडतो." पिंडाच्या अगदी जवळ आलेला कावळा भर्रकन उडून झाडावर गेला.

तेवढ्यात सूरज पुढे आला, संघाची जर्सी घालून. म्हणाला, "नाना, ह्या सीझनला आपण खालच्या गटात जात नाय. चंदू सरांची शपथ." कावळा उतरला आणि शिवला. गुरुजी सामान गोळा करत मला म्हणाले, "वचन तुमच्या नावावर आहे. पाळलं नाही तर जीव घुटमळत राहतो."

तेव्हापासून झोप नाही. रविवारी शेवटची मॅच, ठाकुर्लीच्या संघाशी. हरलो तर खालचा गट, आणि नाना कोपरच्या मैदानावर घुटमळत राहणार. तिथे सावलीला एक झाड नाही आणि नानांना ऊन सोसत नाही, हे तुला सांगायला नको. मी बाथरूममध्ये दार लावून ओरडायची सवय करून बघितली. नंदाने गीझरचा शॉक लागला समजून मेन स्विच बंद केला. मैदानावर ओरडून बघितलं, तर मितेश धावत आला आणि म्हणाला, "सर, बरं वाटत नाय काय?"

बाकी सर्व ठीक. गुडघ्यांना तेल लाव, बाळाला माझा आशीर्वाद, आणि तुझ्या पायांवर इथूनच डोकं ठेवतो.

तुझा
चंदू

ता. क. मॅच बरोबरीत सुटली, तर बाकीच्यांच्या निकालावर आम्ही कसेबसे राहूही शकतो. तसं राहिलेलं वचनात धरतात का, हे तुमच्याकडच्या गुरुजींना विचारशील का? इकडचे म्हणाले, शास्त्रात फुटबॉल नाही.

आणखी एक. नंदाचं म्हणणं, सूरज बोलत असताना मितेश पिंडामागे हळूच फरसाण टाकत होता. आणि मी सोडतो म्हणालो, तेव्हा कावळ्याला हुर्र करणाराही तोच. मी त्याला विचारलेलं नाही. विचारलं तर तो खरं सांगेल.

शेवटचं. पत्र खरं तर यासाठीच. रविवारी रतन मोटार घेऊन तुला न्यायला येईल. नानांची खुर्ची कुंपणापाशीच आहे, पोरं कुणाला बसू देत नाहीत. सगळे म्हणतात, तुझा आवाज अगदी नानांसारखा आहे. तुला फुटबॉल कळत नाही हे मी सूरजला सांगितलं, तर तो म्हणाला, नानांना तरी कुठे कळायचा. तुला दोनच गोष्टी ओरडायच्या आहेत. एक, "सूरज, मागे बघ गाढवा!" दुसरी तुला माहीत आहे. ती पहिल्या मिनिटापासून ओरडलीस तरी चालेल.