दुसऱ्या नावाचा रकाना

॥ श्री ॥

प्रिय माऊ,

तुझं पार्सल मंगळवारी दुपारी मिळालं. आलेल्या वस्तू अशा: बाबांसाठी लोकरीचा स्वेटर एक, तुझ्या ठेवणीतल्या साड्या दोन, शाळेची आणि कॉलेजची सर्टिफिकेटं स्वेटरात गुंडाळलेली, वक्तृत्वाचं पदक एक, आणि मी भरतकाम करून दिलेला उशीचा अभ्रा एक. टपालखर्च तू तिथे भरलाच होतास, पण इथल्या पोस्टाने जकात म्हणून वर इतके घेतले की तेवढ्यात आमची आठवड्याची भाजी आली असती. पोस्टातल्या माणसाला मी इथल्या लोकांच्या भाषेत जमेल तसं सांगून पाहिलं की साड्या नेसलेल्या आहेत, एकीच्या काठाला डागसुद्धा आहे. त्याने डाग नीट बघितला आणि शिक्का मारला. बाबा म्हणाले, नेसलेल्या साडीवर जकात घेतात म्हणजे उद्या माझ्या गुडघ्यावरही घेतील, तोही बाहेरूनच आलाय.

स्वेटर त्यांना खांद्यात बरोबर बसला. अंगात घालून संध्याकाळभर फिरत होते. मी मात्र सर्टिफिकेटं हातात घेऊन बसले होते. थंडी पडली की लेक स्वेटर पाठवते, हे मला कळतं. सर्टिफिकेटं कशासाठी पाठवली, हे कळेना. तुझ्या कपाटात जागा नव्हती का? मग तुझी गेल्या वर्षाची पत्रं काढली आणि लागोपाठ वाचली. आधी तू शेजारणीच्या मांजरीबद्दल लिहायचीस, तू शिकवतेस त्या शाळेतल्या पोरांच्या चुका लिहून पाठवायचीस, बाजारात कोण कसं फसवतं ते लिहायचीस. दिवाणावर पडून बाबा ते मोठ्याने वाचायचे आणि मध्येच हसून थांबायचे. हळूहळू मांजर गेली, पोरं गेली, बाजार गेला. हल्ली नुसतं 'इकडे सगळं छान आहे, काळजी करू नका' एवढंच येतं, प्रत्येक पत्रात तेच, त्याच शब्दांत. फोनवरही तेच. मागून कुणीतरी टीव्ही बंद केल्याचा आवाज येतो आणि मग तू बोलतेस. आई आहे मी. ऐकू येतं मला.

बुधवारी सकाळी जावईबापूंचा फोन आला. मी कणीक मळत होते, मान वाकडी करून खांद्याशी रिसीव्हर धरला. एरवी ते बाबांशी दोन शब्द बोलून फोन तुझ्या हाती देतात. त्या दिवशी आई, तब्येत कशी, आई, तुमची पूजा झाली का, असं बरंच चाललं होतं. मी मनात म्हटलं, आता काहीतरी मागणार. तर लॉकरची किल्ली विचारली. आई, किल्ली चुकून तुमच्याकडे तर राहिली नाही ना, म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या घरची किल्ली माझ्याकडे कशी येईल, आणि माझ्या माहितीप्रमाणे ते अगदी खरं होतं. मी खोटं बोलत नाही हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून लगेच विश्वास ठेवला. मग सांगितलं की शुक्रवारी ऑफिसच्या कामाने इकडे येतोय, बँकेत अर्ज देऊन लॉकर फोडून घेऊ, फोडायला दोन्ही नावांच्या सह्या लागतात, तेव्हा तुम्ही अकराला या. इथला पैसा रोज उतरतोय, परकीय चलनाचे नियमही बदलणार आहेत, सोनं तसंच पडू देण्यात अर्थ नाही, विकून डॉलर करू आणि सगळं माझ्या खात्यात एका ठिकाणी ठेवू, म्हणजे माऊलाही कटकट नको. मी विचारलं, माऊ काय म्हणते? ते म्हणाले, तिला यातलं काय कळतंय.

मी बरं म्हणून फोन ठेवला. हाताची कणीक वाळून गेली होती.

तुला आठवत असेल, तो लॉकर घेताना तुझे बाबा जुन्या कारखान्यातून नव्यात जात होते, त्यांचा नोकरीचा परवाना यायचा होता. आपल्यासारख्या परदेशी माणसांना परवान्याचा कागद असलेलं एक नाव पहिलं लागायचं, तो नियमच होता. तुझी कागदपत्रं झाली नव्हती. म्हणून पहिलं नाव जावयाचं, दुसरं माझं. दोघांपैकी कुणीही एकट्याने उघडावं, सही जुळली की झालं. त्यात तुझ्या पाटल्या, हार, आजीचे कानातले आणि तुझ्या इथल्या नोकरीतली बचत. ती बचत तू पगाराच्या दिवशी माझ्या हातात द्यायचीस आणि मी बँकेच्या खिडकीवर डॉलर करून घ्यायची, रस्त्यावरच्या दलालाकडे कधी गेले नाही, दोन पैसे जास्त देतो म्हणाला तरी. दलाल पावती देत नाही, आणि पावती नसली तर देश सोडताना नाक्यावर नोटा काढून घेतात. तुम्ही दोघं त्या दुसऱ्या देशात राहायला गेलात तोपर्यंत दर वेळी मी पाकीट आणि पावती जावयांच्या हाती द्यायची, ते खाली तळघरात जायचे, मी वर बाकावर जप करत बसायची. पायऱ्या फार होत्या, मीच म्हणायची, तुम्हीच जा.

फोन झाल्यावर काम सुचेना म्हणून मी तुझा अभ्रा धुवायला काढला. पिळताना हाताला काहीतरी टोचलं. अभ्र्याची कड मी दुहेरी दुमडून शिवली होती, माझा टाका मला कळतो. एका जागी टाका तुझा होता, घाईने घातलेला, लांब लांब. उसवला तर लॉकरची किल्ली. तशीच ओल्या हातात धरून मी मोरीच्या कट्ट्यावर बसले. बाबा कामावरून आले तरी तिथेच होते. त्यांनी किल्ली पाहिली, मग सर्टिफिकेटं जिथे ठेवली होती त्या फळीकडे पाहिलं, आणि स्वेटर काढून घडी घालून ठेवला. इतका वेळ अंगातच होता.

गुरुवारी बाबांनी रजा टाकली आणि आम्ही बँकेत गेलो. तळघराच्या दाराशी बसणाऱ्या बाई आहेत, चष्मा साखळीला अडकवलेला, हसत नाहीत. त्यांनी वहीत सही करायला सांगितली. मी केली. त्यांनी पेटीतून माझ्या नमुना सहीचं कार्ड काढलं, वहीच्या शेजारी ठेवलं, इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि मान हलवली. जुळत नाही. परत करायला सांगितली. अक्षर माझंच होतं, मॅट्रिकला अक्षराचं बक्षीस घेतलेलं. तरी जुळत नाही. मी त्यांच्या भाषेत मोडकंतोडकं विचारलं, काय चुकलं? त्या म्हणाल्या, चूक सांगायची नसते, सांगितली तर कुणीही दुरुस्त करून आणेल. पुढे म्हणाल्या, काळजी करू नका, पहिलं नाव असलेल्या गृहस्थांना घेऊन या, त्यांनी ओळख दिली की उघडून देऊ. फार सौजन्याने बोलल्या.

बाहेर बाबा बाकावर होते. माझं तोंड बघूनच उठले. देवापुढे मी कधी काही मागत नाही, त्याला का त्रास द्यायचा. त्या संध्याकाळी दिवा लावला आणि मागितलं. तुझ्यासाठी मागितलं. मग उद्याचं उद्या म्हणून कामाला लागले, कारण घरात साबण नव्हता आणि तांदूळ तळाशी आले होते. बाबांना दुकानात पाठवायला चिठ्ठी लिहिली. त्यांनी ती उचलली आणि नेहमीसारखे चिडवायला लागले, माझा जीव हलका व्हावा म्हणूनच असणार. म्हणाले, साबणाच्या चिठ्ठीवर पण श्री, दूधवाल्याच्या हिशोबावर श्री, गॅसच्या बिलामागे श्री, अगं त्या देवाला दुकानात पाठवतेस की मला? मी त्यांच्या हातातून चिठ्ठी ओढून घेतली.

माऊ, नमुन्याच्या कार्डावर मी सहीच्या डोक्यावर श्री काढला होता. पहिल्यांदाच बँकेचा कागद पुढे आला होता आणि त्यात तुझे दागिने जायचे होते. श्री न काढता कशी सही केली असती मी? त्या लोकांना आपली अक्षरं वाचता येत नाहीत. त्यांच्या लेखी वरचा श्री आणि खालचं नाव हे एकच चित्र. आणि गुरुवारी मी मुद्दाम श्री लिहिला नाही, परक्यांच्या वहीत देव कशाला बसवायचा, म्हणून. बाबा म्हणाले, तुला खात्री आहे? मी म्हटलं, नाही. खात्री कशी असणार, कार्ड त्यांनी मला दाखवलंच नव्हतं.

शुक्रवारी बँक उघडायच्या आधीच आम्ही दारात होतो. बाबांना म्हटलं, तुम्ही वरच थांबा, जावई लवकर आले तर निदान मला कळेल. चष्म्यावाल्या बाईंनी वही पुढे केली, या वेळी नाही जुळली तर नोंद करावी लागेल म्हणाल्या. मी आधी श्री काढला, मग सही केली. त्यांनी कार्ड शेजारी ठेवलं. चष्मा लावला. बोट श्रीवर ठेवलं, मग कार्डावर त्याच जागी ठेवलं. आणि उठून त्यांच्याकडची बँकेची किल्ली घेतली.

दागिने होते. पाटल्या, हार, आजीचे कानातले, लाल कापडात मी बांधून दिले होते तसेच, गाठसुद्धा माझी. पाकिटं होती. त्यांत मी दिलेल्या पावत्या होत्या, सगळ्या. नोटा नव्हत्या. एकाही पाकिटात नव्हत्या. मी प्रत्येक पाकीट उलटं करून झटकलं. बाईंनी विचारलं, काही कमी आहे का? मी म्हटलं, नाही, जे न्यायला आले ते आहे. दागिने पिशवीत घातले, पावत्याही घेतल्या आणि वर कोथिंबिरीची जुडी ठेवली. आदल्या दिवशीची होती, मान टाकलेली, पण झाकायला पुरली.

पायऱ्या चढून वर आले तर बाकावर जावई बसले होते. बाबा त्यांच्या शेजारी, त्यांच्या बाहीला धरून. जन्मात जावयाशी सलग दहा वाक्यं न बोललेला तो माणूस गुडघ्याची हकीकत सांगत होता. कोणत्या डॉक्टरने काय चोळायला सांगितलं, कोणता पाय आधी टाकायचा, जिना उतरताना आवाज कसा येतो, पँट वर करून दाखवत होता. जावई उठायला बघत होते आणि बाबा म्हणत होते, थांबा, डाव्याचं राहिलं.

मला तळघराच्या दारातून येताना बघून जावई उभे राहिले. आई, तुम्ही आधीच आलात, म्हणाले. पिशवीकडे बघितलं. मला गोड काहीतरी बोलून बाहेर पडता आलं असतं. मी सांगितलं, बुधवारी किल्ली माझ्याकडे नाही म्हणाले तेव्हा मला ठाऊक नव्हतं, नंतर सापडली. दागिने मी काढले. ज्याचे आहेत त्याला देईन. ते हसले. म्हणाले, आई, लोक बघतायत, बसून बोलू. मी म्हटलं, पाकिटं रिकामी आहेत. तेव्हा हसू गेलं. ते पैसे कामाला लावलेत, म्हणाले, माऊला सगळं ठाऊक आहे. बाबांनी पँट खाली केली आणि म्हणाले, मग तीच सांगेल की. एवढंच. आवाजही चढवला नाही. आम्ही बसने आलो. पिशवी मी मांडीवर धरून बसले होते आणि बाबा सबंध वाटेत कोथिंबिरीवर हात ठेवून होते.

फोन मी मुद्दाम केलेला नाही. तो फोन त्यांचा आहे, त्यांच्याच खिशात असतो. जावई इथल्या कामासाठी पुढचा आठवडाभर राहणार आहेत, म्हणून हे पत्र आजच जलद टपालाने शाळेच्या पत्त्यावर पाठवते, ते परत पोचायच्या आत तुझ्या हातात पडावं. वाचून झालं की शाळेतच ठेव, घरी नेऊ नकोस.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. बाबांच्या कारखान्याजवळच्या बँकेत मी नवीन लॉकर घेतला आहे आणि दागिने सध्या माझ्या नावावर तिथे आहेत. तू सही पाठवलीस की तो एकट्या तुझ्या नावावर होईल. त्याच बँकेत तुझं डॉलरचं खातंही उघडता येतं. पहिली रक्कम मी माझ्या बाजूला टाकलेल्यातून भरते, तुझ्या पावत्यांइतकी नाही, पण खातं उघडण्याइतकी आहे, आणि ती उसनी नाही. सोबत नमुना सहीचं कार्ड आहे. मुख्याध्यापिकाबाईंचा शिक्का घे, टपालाने चालतं असं मी दोनदा विचारून घेतलं आहे. श्री काढायचा की नाही ते तू ठरव, पण जशी सही करशील तशीच जन्मभर करावी लागेल, हे ध्यानात ठेव. कार्डावर दुसऱ्या नावाचा रकाना आहे, त्यावर मी पट्टी धरून आडवी रेघ मारली आहे. तिथे कुणाचंही नाव घालायचं नाही, माझंही नाही. तुझ्यावर काय गुदरलं ते विचारत नाही, सांगावंसं वाटेल तेव्हा सांग. मागच्या खोलीत बाबांनी पलंग सरकवून टेबलाला जागा केली आहे आणि सर्टिफिकेटं तिथल्या फळीवर मांडली आहेत. परतीचं पाकीट पत्ता घालून आत ठेवलं आहे. तू इकडे राहायला येतेस की नाही, एवढं कार्डासोबत एका ओळीत लिही. काहीही लिही, पण 'सगळं छान आहे' लिहू नकोस. उलट टपाली कळव.

तुझीच,
आई