दाराची घंटा, बिनतारी संच आणि मागच्या बोळातले खड्डे

माझ्या घरच्या माणसांनो आणि कारखान्यातल्या बायांनो,

तुम्हा सगळ्यांची एक तक्रार सामाईक आहे: ही बाई एकदा बोलायला उभी राहिली की खाली बसत नाही. तक्रार रास्त आहे. म्हणून या वेळी लिहून ठेवते आहे. कंटाळा आला तर कागद मिटा, मला दिसणार नाही.

मी, खाली सही करणारी, रेडिओ कारखान्याची जुनी कामगार, युनियनची माजी चिटणीस, सध्या घराखालच्या घंटा कारखान्याची मालकीण, गल्लीत 'भोंगा' म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र शुद्धीवर राहून, कुणाच्याही दबावाविना करते आहे. माझ्यावर दबाव आणायचे प्रयत्न व्यवस्थापनानं पुष्कळ केले. ते व्यवस्थापन आता उरलेलं नाही. आमचा रेडिओ कारखानाही उरला नाही, ही गोष्ट वेगळी.

परदेशी रेडिओ स्वस्त झाले आणि तो बंद पडला. शेवटच्या दिवशी गेटवर मी देशी मालावर भाषण केलं. बाया रडल्या. घरी जाताना त्यांतल्याच एकीच्या पिशवीत परदेशी रेडिओ दिसला. ती म्हणाली, "ताई, भाषण फार छान झालं. पण याचा आवाज स्वच्छ येतो." त्या एका वाक्यावर मी हा कारखाना काढला. दाराच्या घंटा बनवायला घेतल्या आणि त्या बाईला पहिली नोकरी दिली. आजही ती माझ्या प्रत्येक घंटेला नावं ठेवते. तिला कामावरून कुणीही काढू नये.

१. वरच्या मजल्यावरचं घर मुलगा आणि मुलगी यांना समान वाट्यानं. स्वयंपाकघरात भिंत घालू नये. भांडायला जागा मोठी लागते.

२. माझी आरामखुर्ची जावईबापूंना. माझं प्रत्येक भाषण त्यांनी तिच्यात बसून, डोळे मिटून ऐकलं. डोळे मिटून एकाग्र झालं की घोरणं येतं, हे त्यांचं स्पष्टीकरण मी अजून स्वीकारलेलं नाही.

३. पुस्तकांची कपाटं बायांच्या जेवणाच्या खोलीत ठेवावीत. समासात मी जिथं जिथं 'चूक' असं लिहिलं आहे ते खोडू नये. काही ठिकाणी लेखकाचं बरोबर निघालं. तिथं मी 'असेल' असं लिहिलं आहे.

४. हातातला कर्णा भाऊजींना, म्हणजे माझ्या दिराला. सभेआधी त्यातले सेल कोण काढून ठेवायचं, ते मला ठाऊक आहे. सेल वेगळे देत नाही. त्यांच्याकडे साठा असेल.

५. सायकल. ही साधी वस्तू समजू नये. कारखान्यातून निघणाऱ्या मालाचा नमुना हिच्या कॅरियरला, खाली काहीही मऊ न घालता बांधायचा, मागच्या बोळातून खड्ड्याखड्ड्यांनी फिरवून आणायचा, आणि परत आल्यावर वाजला तरच माल बाहेर पाठवायचा, हा आपला नियम आहे. याच बोळाच्या दुरुस्तीसाठी मी एकदा मोर्चा नेला होता. कधी नव्हे ते नगरपालिकेनं ऐकलं, रस्ता गुळगुळीत केला. मग आपली प्रत्येक घंटा पास होऊ लागली आणि लोकांच्या दारांवर जाऊन मुकी पडू लागली. मी निवेदन घेऊन गेले. साहेब म्हणाले, "बाई, खड्डे बुजवा म्हणून तुम्हीच आला होतात ना?" म्हटलं, "हो. आता परत द्या." सुदैवानं ठेकेदाराचं काम नेहमीसारखंच होतं. खड्डे आपापल्या जागी परत आले. ते सार्वजनिक असल्यामुळे मृत्युपत्रात देता येत नाहीत, असं वकील म्हणतात. सायकल तेवढी कारखान्याबरोबर जाईल.

६. आता कारखाना. इथं मी उभी राहून बोलते आहे असं समजा.

सरकारनं संरक्षणावरचा खर्च वाढवला, देशी मालाला पहिली पसंती जाहीर केली, आणि आपल्यासारख्या घंटावाल्यांच्या दारातही मोटारी थांबू लागल्या. सैन्यासाठी बिनतारी संच करून द्याल का, नमुना दाखवा, असं आतले सरकारी साहेब म्हणाले. थोरल्यानं, म्हणजे माझ्या मुलानं, नमुना लगेच आणला. काळी पेटी, दिसायला देखणी. मी मागचं झाकण उघडलं. बोर्डावर जिथं बनवणाऱ्याचं नाव छापलेलं असतं, तिथं पॉलिश पेपरनं घासलेलं होतं आणि वर आपल्या कारखान्याचं लेबल.

"हे कुठलं रे?"

"आपलंच, आई. जोडणी आपली आहे."

"काय जोडलंस?"

"झाकण."

मी काही बोलले नाही. सूनबाई घाबरून पाणी घेऊन आली.

"आई, सगळे असंच करतात," तो म्हणाला. "आधी तयार आणायचं, मग हळूहळू शिकून इथं बनवायचं."

"मग लेबलही हळूहळू लाव."

सायकलीला बांध म्हटलं, तर म्हणतो, "हा सैन्यासाठी आहे, सायकलसाठी नाही." सैन्य काय गालिच्यावरून जातं?

मुलीनं मात्र सगळा संच इथं, स्वतःच्या हातानं केला. दिसायला जेवणाच्या डब्यासारखा. बोळातून फिरून आला, आणि बोलत होता. पण नुसता बोलतच होता. पलीकडून आलेलं ऐकत नव्हता. जावईबापू खुर्चीतून डोळे न उघडता म्हणाले, "घरच्या वळणावर गेलाय."

हसा. मीही हसले. पण नीट ऐका. मला तोफांचं कौतुक नाही. बिनतारी संचाचं आहे, कारण 'मागे फिरा' हा शब्द त्यातूनच पोचतो. तो पोचला नाही, तर कुणाचा तरी मुलगा पुढेच चालत राहतो. त्या क्षणी घासून काढलेल्या नावाला विचारायचं तरी कुठं? आणि ज्या देशाला स्वतःच्या दाराची घंटा बनवता येत नाही, त्यानं सीमेवर उभं राहून 'कोण आहे?' असं विचारू नये.

म्हणून अट अशी. बहीणभावांनी मिळून एकच संच करावा. बोलण्याची बाजू मुलीची, ऐकण्याची थोरल्याची. आतलं सगळं काम इथल्या टेबलावर व्हावं. संच बोळातून फिरून आला आणि बोलला, त्यानं ऐकलंसुद्धा, तर कारखाना दोघांचा. माझ्यानंतर वर्षभरात हे जमलं नाही, किंवा कुणी लेबल चिकटवलेलं सापडलं, तर कारखाना बायांच्या सहकारी संस्थेचा. संच पास झाला की नाही, हे कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यांनी ठरवावं, बायांनी नाही. त्यांचा जीव माझ्यावर आहे, पण कारखान्यावर जास्त आहे.

थोरल्या, तू म्हणशील, मला टाका मारणं जमत नाही, मी आता ऑफिसचा माणूस. संपाच्या सभेत ॲम्प्लिफायर बंद पडला, तेव्हा स्टेजखाली बसून, मेणबत्तीवर खिळा तापवून सोल्डरचा टाका मारणारा तूच होतास. मी वर बोलत होते, आवाज कधी गेला आणि कधी परत आला ते मला कळलंसुद्धा नाही. तो टाका मी नंतर उघडून पाहिला. अजून धरून आहे. त्याबद्दल तुला काही बोलले नाही. एवढी बोलणारी मी, तेवढंच राहिलं होतं.

सही केल्यानंतरचं बोलणं कायदा धरत नाही, म्हणून आधीच सांगते. थोरल्या, तुझा तो ऑफिसचा कोट खुंटीला अडकव. बहिणीच्या शेजारच्या स्टुलावर बस, सोल्डरगन तापू दे, आणि या संचाला ऐकायला शिकव.

सही: भोंगा

साक्षीदार पहिले, गल्लीतले डॉक्टर: बाईंना तपासलं. बुद्धी शाबूत, नाडी व्यवस्थित. घसा बघायला तोंड उघडा म्हटलं. बंद व्हायला वेळ लागला.

साक्षीदार दुसरे, कोपऱ्यावरचे सायकल दुरुस्तीवाले: बाईंनी माझ्यासमोर सही केली. सायकलीचं मागचं चाक सरळ करून ठेवलं आहे.

ठिकाण: कारखान्यातलं माझं टेबल, शेजारची दोन स्टुलं रिकामी.
दिनांक: वर मुद्रांकावर आहे तोच.