एकतीस टक्क्यांचा वर्ग

३ मार्च, सोमवार

एकतीस टक्के! संध्याकाळच्या वर्गाचा सहभाग म्हणे एकतीस टक्के आणि सकाळच्या वर्गाचा बहात्तर. म्हणून आमच्या विधी महाविद्यालयाच्या पुढच्या पाच वर्षांच्या आराखड्यात संध्याकाळचा वर्ग नाहीच. बंद! त्या दोन खोल्या एक करून तिथे मुलांना खटल्याचा सराव करायला खोटं कोर्ट बांधणार. लाकडी कठडा, उंच खुर्ची, सगळा थाट.

प्राचार्यांनी पडद्यावर दोन खांब दाखवले — एक उंच, एक बुटका. "आकडे बोलतात, मॅडम." उगाच नाही आम्ही त्यांना पाठीमागे टक्केसर म्हणत. नियोजन समितीत आम्ही सात जण, सातही वकिलीची सनद घेतलेले. माणूस साक्षीला उभा राहिला असता तर सोलून काढला असता. आकडा उभा राहिला तर सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी म्हटलं, प्रश्नावली बघायची आहे मला. तर म्हणाले, "बघा की. तुमच्याच सहीने गेलीय."

खरंच माझी सही! न वाचता केलेली. आणि मी शिकवते काय, तर करार. पहिल्याच तासाला पोरांना बजावते — वाचल्याशिवाय सही करायची नाही. वा बाई, वा.

४ मार्च, मंगळवार

वाचली. वीस प्रश्न. "तास सोडून आवारात किती वेळ घालवता?" दिवसभर कामावर असलेला माणूस आवारात काय घालवणार, कपाळ? "ग्रंथालयात किती वेळा जाता?" ग्रंथालय सातला बंद होतं, वर्ग सहा ते साडेआठ. "वादविवाद मंडळात भाग घेता का?" मंडळ भरतं दुपारी तीनला!

मी याच वर्गातून शिकले. दिवसभर एका वकिलाकडे टंकलेखन, संध्याकाळी धावतपळत इथे. तास संपला तरी आमचे जुने सर जिन्यावर उभे राहायचे. शिपाई एकेक दिवा मालवत यायचा आणि सर आपले शेवटच्या पायरीपर्यंत शंका सोडवत उतरायचे. त्या जिन्यावर मी वकील झाले. तो वर्ग हे आलेख काढून बंद करणार? माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही.

५ मार्च, बुधवार

ग्रंथपालबाईंना विचारलं, साडेनऊपर्यंत उघडं ठेवता येईल का? "येईल की. कुणी सांगितलंच नाही कधी." घ्या!

७ मार्च, शुक्रवार

संध्याकाळचा तास. वर्गाला अजून काही माहीत नाही. पहिल्या बाकावर ती नर्सबाई, दवाखान्यातून थेट आलेली, पायांत अजून पांढरे बूट. मागे लिफ्ट दुरुस्त करणारा, डोळे मिटत होते तरी पेन चालू. यांना रस नाही म्हणे! नर्सबाईंनी हात अर्धा वर केला. मी नेहमीसारखं सांगितलं, "शंका शेवटी." मध्येच थांबलं की धागा तुटतो. म्हणून तर माझा अभ्यासक्रम दर वर्षी तीन आठवडे आधी संपतो. आहे का दुसऱ्या कुणाची छाती?

आठ पंचविसाला निघाले. शेजारच्या काकू नऊपर्यंत आईजवळ बसतात, त्यांना ताटकळत ठेवायला मला आवडत नाही. आईला सगळं सांगितलं. म्हणाली, "कोर्टात एक दिवस उभी राहिली नाहीस, आता भांडायची हौस फिटू दे."

फिटू दे तर फिटू दे!

१० मार्च, सोमवार

सभा. आज मी उभी राहिले. म्हटलं, हे प्रश्न आपलं वेळापत्रक मोजतात, विद्यार्थी नव्हे. बंद दारासमोर माणूस उभा करायचा आणि तो आत का येत नाही विचारायचं, हा कुठला न्याय? दोघांनी माना हलवल्या. टक्केसर शांतपणे म्हणाले, "ठीक. ते तीन प्रश्न काढून टाकू." काढले. तरी चव्वेचाळीसच.

मग त्यांनी सोळावा प्रश्न पडद्यावर आणला — "शिक्षकांना शंका विचारता का?" संध्याकाळच्या दहातल्या नऊ जणांनी खूण केलेली: कधीच नाही. "आता इथे ग्रंथालयाचा काय संबंध, मॅडम? तोंडच उघडत नाहीत. ज्यांना विचारायचं काही नाही, त्यांच्यासाठी खोल्या अडवायच्या?"

मी प्रश्नावली हातात घेऊन शेवटपर्यंत उलटली. मग आठवलं. म्हटलं, शेवटच्या पानावर मोकळी जागा होती, शेऱ्यांसाठी. ते शेरे कुठे आहेत? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणी वाचलेच नव्हते! "शेऱ्यांचा आलेख होत नाही," टक्केसर म्हणाले. कागद ग्रंथालयात पेटीत पडून.

मी टेबलावर हात आपटला. का विचारत नाहीत ते त्या पेटीत आहे. सतरा तारखेला मी स्वतः वाचणार, मोठ्याने, ज्या शिक्षकाबद्दल असेल त्याच्या नावासकट. आणि वर्गाचा निकाल त्यानंतरच. "नावं झाकली तर?" टक्केसरांनी विचारलं. अजिबात नाही! ठरावात लिहून घेतलं.

१२ मार्च, बुधवार

फौजदारीवाले सर शिक्षकांच्या खोलीत भेटले. वीस वर्षं त्याच पिवळ्या वहीतून शिकवतात. "मॅडम, मोहोळाला कशाला दगड मारताय?" मी म्हटलं, चोराच्या मनात चांदणं! हसले आणि चहा ओतून घेतला. हसा. सोमवारी कळेल.

१४ मार्च, शुक्रवार

ग्रंथपालबाईंनी पेटी हातात दिली. संध्याकाळच्या वर्गाची. वरवर चाळली असावी, कारण म्हणाल्या, "सभेआधी एकदा एकटी बसून वाच गं." मी म्हटलं, साक्षीदाराला पढवायचं नसतं. त्यांनी नुसता माझा हात दाबला.

१६ मार्च, रविवार

दुपारी राहवलं नाही. आई झोपली होती. स्वयंपाकघरात टेबलावर पेटी उघडली.

एक्केचाळीस शेरे. फौजदारीवाल्यांबद्दल तीन, तिन्ही चांगले. "वही जुनी आहे, पण थांबतात." दोन तुटलेल्या पंख्याबद्दल. दोन ग्रंथालयाबद्दल.

चौतीस माझ्याबद्दल.

"करार उत्तम शिकवतात. विचारायला गेलं की घड्याळ बघतात." "आम्ही वही मिटेपर्यंत मॅडम फाटकाबाहेर." "दोन वर्षांपूर्वी हात वर करायचो. आता नाही." इतर तासांनाही विचारायची सवय मोडली, असं एकाने लिहिलंय. एकाने फक्त एक ओळ लिहिली — "शंका शेवटी, म्हणतात. शेवट येतच नाही." आणि एक अक्षर मी ओळखते, नर्सबाईंचं: "मॅडमची घाई खरी असेल. आमचीही आहे."

रडले. मग चिडले — त्यांच्यावर! मी यांच्यासाठी भांडतेय आणि हे असं? मग परत वाचले. एकही खोटा नाही. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी त्यांना करार मी शिकवते. तिथेच त्यांची तोंडं मी बंद केली. मी! त्या जिन्यावरून उतरलेली!

संध्याकाळी काकूंना विचारलं, आठवड्यातून चार दिवस दहापर्यंत बसाल का? "बसते की. घरी तरी कोण वाट बघतंय माझी? इतकी वर्षं विचारलं का नाहीस?"

का नाही विचारलं?

हे कागद मी चुलीत घातले तर कुणाला कळणार नाही. ग्रंथपालबाई कधी बोलणार नाहीत. पण मग सोळाव्या प्रश्नाला उत्तर उरत नाही आणि वर्ग जातो. वर्गाला रस आहे याचा एवढा भक्कम पुरावा दुसरा नाही. चौतीस माणसांनी लिहिलंय, आम्हाला विचारायचं होतं. आरोपी मी असले म्हणून काय झालं? पुरावा दडपायचा नसतो, हेही मीच शिकवते.

नावासकट म्हटलंय ना? नावासकट!

१७ मार्च, सोमवार

वाचले. चौतीसच्या चौतीस. आवाज दोनदा फाटला, पण थांबले नाही. टक्केसरांनी पडदा बंद केला. संध्याकाळचा वर्ग आराखड्यात राहिला, ग्रंथालय साडेनऊपर्यंत.

करार आता फौजदारीवाले शिकवतील, ते थांबतात. ठराव मीच मांडला, एकमताने झाला. संध्याकाळच्या वर्गाशी माझा संबंध संपला, असं टक्केसर म्हणाले.

वर्गाशी संपला असेल. जिना कुणाच्या आराखड्यात नाही. उद्यापासून साडेआठला मी तिथे उभी राहणार. बघू कोण अडवतं!